पूर्वेच्या पायऱ्यांवरचं वाळवण

१

मला हे लिहायचं नव्हतं. आधीच सांगून ठेवतो. मी चौथी पास, तीही मास्तर कंटाळले म्हणून. जन्मात लिहिलं ते पलटणीतून घरी पाठवलेलं कार्ड, ‘मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा’, बस. पण आमची सून स्वप्नाली गेला आठवडाभर डोकं खातेय. म्हणे, “बाबा, तोंडाने सांगताना तुम्ही मधेच उठून जाता. कागदावर लिहा. मला खरं काय ते कळू दे.” पेन आणून दिलं, तेही झटकल्याशिवाय उमटत नाही असलं. वर चहा बंद करीन म्हणाली. म्हाताऱ्याला असं कोंडीत धरतात आजकाल. घ्या, लिहितो.

मी संपतराव. पलटणीत होतो, नाईक म्हणून सुटलो. गोळी कमी मारली, ग्राउंड जास्त राखलं. पलटणीच्या फुटबॉल टीमचं गवत माझ्याकडे असायचं. म्हणून पेन्शनीत निघाल्यावर एका साहेबांनी दिल्लीजवळ, मानेसरच्या अलीकडच्या एका गावातल्या स्टेडियमवर चिकटवून दिलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे आता फ्लॅट झालेत, उगाच कोणी भांडायला यायचं.

स्टेडियम म्हटलं की लोकांना टीव्हीतलं आठवतं. तसलं काही नाही. पश्चिमेला सिमेंटच्या पायऱ्या, वर पत्रा. पूर्वेलाही पायऱ्या, पण उघड्या बोडक्या. मध्ये गवत. पश्चिमेच्या पायऱ्यांच्या पोटात आमच्या दोन खोल्या. छत तिरकं. मॅच असली की डोक्यावर माणसांचे पाय दणदणायचे आणि खाली माझी बायको द्वारका त्याच तालात भाकरी थापायची. दार उघडलं की समोर गवत आणि गवतापलीकडे पूर्वेच्या पायऱ्या.

माझा एकच कायदा होता. खेळाडू सोडून गवतावरून कोणी जायचं नाही. पलीकडे जायचंय ना, कडेने जा, गोलपोस्टामागून वळसा घाल. नगरपालिकेचे साहेब आले तरी कडेने. एकदा आमदाराच्या मेहुण्याला परत पाठवला होता. द्वारकेलाही सूट नव्हती. ती म्हणायची, “अहो, तुमचं गवत काय सोन्याचं आहे?” पण जायची कडेने. डोक्यावर पाटी असली तरी कडेने.

२

मोटारींचे कारखाने आले तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. कंपन्यांच्या टीमा खेळायला यायच्या, रविवारी पायऱ्या भरायच्या. मग घरोघर केबल आली. लोक घरी बसून क्रिकेट बघायला लागले. पूर्वेच्या पायऱ्यांच्या पाठीवर कोल्ड्रिंकची जाहिरात रंगवून गेले आणि पुढे माणूसच येईना. आजूबाजूची शेतं विकली गेली. ज्या चौधऱ्याच्या म्हशी माझ्या गवतात घुसायच्या, त्याच्या दारात पांढरी मोटार उभी राहिली आणि म्हशी गेल्या. मी मात्र रोज पाणी मारत होतो. पगार चालू होता, गवत चालू होतं.

पायऱ्या रिकाम्या पडल्या त्या द्वारकेने घेतल्या. दुपारनंतर ऊन सरळ पूर्वेच्या पायऱ्यांवर पडतं. सिमेंट असं तापतं की पाय ठेववत नाही. चैत्र लागला की तिचं वाळवण तिकडे. सांडगे, पापड, कुरडया. मधल्या पायरीवर माझी पलटणीतली पांढरी चादर अंथरायची, बाजूला काळी छत्री उघडून ठेवायची आणि हातात काठी घेऊन बसायची. कावळा दिसला की काठी पायरीवर वाजवायची. टक, टक. तो आवाज गवतावरून आमच्या दारापर्यंत यायचा. मी खोलीत पडलेलो असलो तरी मला कळायचं, बाई जागेवर आहे.

गावातल्या बायका बघायला यायच्या. एक म्हणाली, “बहन, या जलेबी फीकी क्यूँ सै?” द्वारका हसून हसून बेजार. तिला म्हणाली, “तळल्यावर बघ.” मराठीतच म्हणाली. ती बाईही समजली.

द्वारका डावखुरी. सोऱ्या डाव्या हाताने फिरवायची, म्हणून तिच्या कुरडईचं वेटोळं उलट्या बाजूने फिरलेलं असायचं. माझी वहिनी तिला चिडवायची, उलट्या कुरडईची बाई म्हणून. आणि एक तिची सवय. सोऱ्यात शेवटी उरलेल्या चिकाची एक इवलीशी कुरडई चादरीच्या कोपऱ्यात घालायची. “ही कावळ्याची,” म्हणायची. मग त्याच कावळ्याला काठी दाखवायची. बायकांचं असं असतं.

त्या वर्षी हे सगळं मला नकोच होतं. तिला धाप लागायची. दिल्लीत मोठ्या इस्पितळात दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, हृदयाची झडप खराब आहे, धावपळ अजिबात नको. आमचा मुलगा विश्वजित नोकरीला लागला होता, दिल्लीतच मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला होता. तो म्हणायचा, इकडे या. पण त्याचं लग्न ठरलं होतं, याच स्वप्नालीशी, आणि द्वारकेने डोक्यात घेतलं होतं की नवी सून घरात येईल तेव्हा डबे भरलेले पाहिजेत.

“बाजारात मिळतात कुरडया,” मी म्हटलं.

“बाजारात बायकोपण मिळते,” ती म्हणाली. “आणली का तुम्ही?”

३

पहिल्यांदा झालं ते अगदी साधं. दुपारची झोप झाली. मी दारात येऊन उभा राहिलो. समोर पूर्वेच्या पायऱ्यांवर द्वारका बसलेली. छत्री, चादर, डोक्यावर पदर, गुडघ्यावर काठी. मी हात वर केला. तिने काठी थोडी उचलली. आमचं ते रोजचंच होतं.

आणि मागून द्वारका म्हणाली, “उठलात? चहा टाकू ना?”

मी वळलो. ती आतल्या खोलीत स्टोला पिन मारत बसली होती. कपाळाला काजळी लागलेली.

पुन्हा समोर बघितलं. छत्री होती, चादर होती. बाकी कोणी नाही.

पलटणीत राजस्थानात होतो तेव्हा उन्हात नसलेलं पाणी दिसायचं. ऊन माणसाला काहीही दाखवतं. डोळेही आता साठीकडे चाललेले. चहा प्यायलो. बशी हातात असताना समोरून आवाज आला. टक, टक.

द्वारकेने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मग ती म्हणाली, “पत्रा वाजला असेल.”

पूर्वेच्या पायऱ्यांवर पत्रा नव्हता. ते तिलाही माहीत होतं.

४

त्यानंतर एके दिवशी ती तिकडून कडेने चालत आली, धापा टाकत. दारातूनच म्हणाली, “अहो, कुरडया तुम्ही उलटवल्यात?”

“मला काय दुसरा उद्योग नाही?”

“सगळ्या उलटवलेल्या आहेत. एकही मोडली नाही. मी आत्ता उलटवायला गेले होते.”

“मग तूच उलटवल्या असशील. विसरलीस.”

ती उंबऱ्यावर बसली. पदराने मान पुसली. “असेल,” म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, “आणि कावळ्याच्या दोन आहेत. मी एकच घातली होती.”

मी तिच्याबरोबर गेलो. कडेनेच. चादरीच्या कोपऱ्यात दोन इवल्या कुरडया, एकीला एक लागून. दोन्हींचं वेटोळं उलट्या बाजूने फिरलेलं. दुसरी अजून ओली होती, बोटाला चीक लागला.

गावात सोऱ्या कुणाकडे नव्हता. डाव्या हाताने फिरवणारं कोणी असायचा प्रश्नच नाही. माझं डोकं त्या दिवशी भरपूर चाललं. म्हटलं, हिनेच दोन घातल्या. म्हटलं, औषधाने विसरायला होतं. जे म्हटलं ते मलाच पटेना.

द्वारकेने ती ओली कुरडई मोडली नाही, उचलली नाही. नुसतं बोट लावून बघितलं आणि म्हणाली, “चीक चांगला शिजलाय.”

दुसऱ्या दिवसापासून ती तिकडे जाताना पाण्याचे दोन तांबे न्यायला लागली. मी विचारलं नाही. रागावलो मात्र, कारण राग आला की मला बरं वाटतं.

५

मग एक दिवस रिंकू आला. बिल्डरचा माणूस. कमरेला पेजर, पायात पांढरे बूट. नगरपालिकेने स्टेडियम विकलं हे मला त्याच्या तोंडून कळलं. तो बोलत बोलत गवतावर पाय टाकणार, तेवढ्यात मी ओरडलो.

“अरे ताऊ,” तो हसला, “यहाँ तो टावर आएगा. घास किस के लिए बचा रहे हो?”

“टावर आएगा तब आएगा. अभी साइड से चलो.”

तो कडेला झाला. समोर बघत म्हणाला, “और वो सामने वाली अम्मा? वो भी आपकी है? उसको बोल देना, तोड़ फोड़ शुरू होगी तो उधर नहीं बैठने का.”

“मेरी घरवाली है.”

“घरवाली?” त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी थट्टा करतोय. “ताऊ, मैं उस बूढ़ी अम्मा की बात कर रहा हूँ. सफ़ेद बाल वाली.”

माझ्या द्वारकेचे केस काळेभोर होते. शेजारणी विचारायच्या, काय लावतेस. मी समोर बघितलं. काठी होती, पदर होता. पदर वाऱ्याने जरा मागे गेला होता. एवढ्या लांबून मला धड काही दिसत नाही. पण पांढरं दिसलं.

आणि द्वारका त्या वेळी एसटीडी बूथवर विश्वजितला फोन करायला गेली होती.

त्या दुपारी मी तिला वाळवणाकडे जाऊ दिलं नाही. म्हटलं, कावळे मी हाकतो. गेलो आणि बसलो छत्रीजवळ. सिमेंट तव्यासारखं. मी खाली गोणपाट घेतलं होतं. बसताना हात टेकला तो बाजूच्या जागेवर, आणि ती जागा गार होती. ताटाएवढी जागा. भोवती सगळं भाजत होतं आणि तेवढंच गार, सावलीत राहिल्यासारखं. एखादं माणूस बराच वेळ बसून आत्ताच उठावं तसं.

पलटणीत भीती वाटली की आम्ही मोठ्याने बोलायचो. मी मोठ्याने म्हटलं, “कोण आहे ते कळू दे तरी.” कावळाही ओरडला नाही.

संध्याकाळी द्वारकेला सांगितलं, उद्या सकाळी सामान बांधायचं आणि मयूर विहारला जायचं. ती गहू चाळत होती.

“हा शेवटचा घाणा,” ती म्हणाली. “गहू भिजत घालते. वाळल्या की जाऊ.”

“ती कोण बसते तिथे, तिच्यामुळे म्हणतोय मी.”

“तुम्हाला भीती वाटते तिची?”

“मला कसली? तुझ्यासाठी म्हणतोय.”

“ती काय वाईट करते? वाळवणच तर राखते.” तिने चाळण बाजूला ठेवली. “बिचारी कुणाचीतरी वाट बघते. एकटीने बसायला कंटाळा येत असेल.”

“तोंड बघितलंस तिचं?”

“नाही हो. ओळखीच्या माणसाचं तोंड कशाला बघायला लागतं?”

ती पुन्हा गहू चाळायला लागली. आजवर मी तिचं काहीच ऐकलं नव्हतं. शेवटचा घाणा म्हणाली, तेवढं ऐकलं.

६

त्या घाण्याच्या कुरडया वाळत आल्या होत्या. सामान बांधून दाराशी ठेवलं होतं, ट्रंक, वळकटी, सोऱ्या फडक्यात गुंडाळून. संध्याकाळच्या टेम्पोने निघायचं. चादर आणि कुरडया तेवढ्या आणायच्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, मी आणतो. ती म्हणाली, तुम्ही मोडाल.

दुपारीच आभाळ पिवळं झालं. दिल्लीकडे आंधी येते तिला पावसाचा वास नसतो. आधी पाखरं गप्प होतात, मग लांब एक भिंत उठल्यासारखी दिसते, तपकिरी. कारखान्याच्या बाजूने ती आली. पश्चिमेचे पत्रे वाजायला लागले.

द्वारका स्टोजवळ होती. चहाचं आधण ठेवलं होतं. ती उठली आणि म्हणाली, “आलेच मी.”

आणि दाराबाहेर पडून सरळ निघाली. गवतावरून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पदर खोचलेला, सरळ मधून, पूर्वेच्या पायऱ्यांकडे, पळत.

मी ओरडलो, “गवतावरून नको! कडेने जा!”

मला काय म्हणायचं होतं ते तिला कळलं असणार. तिने मागे न बघता हात केला. मग धूळ आली.

मी धावलो. आणि कडेने धावलो. पायांना तीच वाट माहीत, डोकं काय म्हणतं ते पाय कुठे ऐकतात. डोळ्यांत माती, तोंडात माती. गोलपोस्टाला धरून उभा राहिलो तेव्हा धुळीत जरासं फाटलं आणि पायऱ्या दिसल्या.

दोघी होत्या. चादर घडी करत होत्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या हातात. बायका चादर घडी करतात तशी, आधी ताणून झटकली, मग दोघी समोरासमोर चालत एकमेकींजवळ आल्या, टोकाला टोक लावलं. पुन्हा मागे. पुन्हा ताणली. पुन्हा जवळ. घाई नव्हती त्यांना. एवढ्या वाऱ्यात चादर फडफडतसुद्धा नव्हती. तिसऱ्यांदा दोघी जवळ आल्या आणि पुन्हा धूळ आली मध्ये.

मी पोचलो तेव्हा आंधी पुढे गेली होती. मधल्या पायरीवर द्वारका बसली होती, वरच्या पायरीला टेकून. शेजारी चादरीची घडी, वर दगड. कुरडया पाटीत रचून ठेवलेल्या, एकही मोडलेली नाही. काठी गुडघ्यावर. हात गरम होता, पण पायरी तापलेली होती, त्यावरून काही कळत नाही.

पदर मागे पडला होता. धुळीने केस पांढरे झाले होते. सगळे. म्हातारीसारखे.

पांढरे केस कुणाचे होते ते मला तेव्हा कळलं. ती कुणाची वाट बघत होती, तेही. डॉक्टरने कागदावर हृदय लिहिलं. लिहू दे.

घरात आधण आटून भांडं जळलं होतं. आमच्या दारापासून पायऱ्यांपर्यंत गवतावर पावलं उमटली होती, जातानाची. तिची एकटीचीच.

७

स्टेडियम पाडलं. मी बघायला गेलो नाही. इथे मयूर विहारला राहतो. स्वप्नाली लग्न होऊन आली तेव्हा डबे भरलेले होते, द्वारकेच्या म्हणण्याप्रमाणे. स्वप्नालीने कुरडया तळल्या, खाल्ल्या आणि म्हणाली, “आई किती छान करायच्या.” ती द्वारकेला एकदाच भेटली होती, साखरपुड्याला. पोर चांगली आहे. पेन वाईट देते एवढंच.

आता ती गच्चीची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला लावलं. या उन्हाळ्यात स्वप्नालीच्या मनात आलं, आईंचा सोऱ्या काढू, कुरडया करून बघू. फोनवर तिच्या आईला विचारून विचारून केल्या, जाड बारीक, वेड्यावाकड्या. सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातल्या आणि खाली येऊन टीव्ही लावला. दुपार उलटल्यावर वर गेली आणि परत येऊन मला म्हणाली,

“बाबा, कुरडया तुम्ही उलटवल्यात?”

माझ्या हातातली बशी सांडली. तिने ते बघितलं. तेव्हापासून पिच्छा सोडत नाही.

मी तिच्याबरोबर वर गेलो. सगळ्या उलटवलेल्या, एकही मोडलेली नाही. आणि चादरीच्या कोपऱ्यात एक इवलीशी. स्वप्नाली उजव्या हाताची आहे. तिची सगळी वेटोळी एका बाजूला फिरलेली. त्या इवल्याशीचं उलट्या बाजूला.

“ही मी नाही घातली,” स्वप्नाली म्हणाली.

“कावळ्याची आहे,” मी म्हटलं. “राहू दे.”

मला भीती वाटली का? वाटली. स्वप्नालीसाठी वाटली. तरणी पोर आहे, तिला आत्ताच कोणी चादर घडी करायला बोलवायला नको. म्हणून मी तिला बजावलंय, आंधी आली तर वाळवण उडून गेलं तरी चालेल, तू वर जायचं नाही. मी जाईन. चादरीचं दुसरं टोक धरायला मी आहे.

आता दुपारी मीच वर जाऊन बसतो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची आहे. जाताना गच्चीच्या मधून जात नाही, कठड्याच्या कडेकडेने जातो. पोरं हसतात, हसू देत. पाण्याचे दोन तांबे नेतो. कधी डोळा लागतो. आणि मग शेजारून, अगदी शेजारून, आवाज येतो. टक, टक. मी डोळे उघडत नाही. ओळखीच्या माणसाचं तोंड कशाला बघायला लागतं?

पण मीही काही कमी हट्टी नाही. आधी मी बोलणार नाही. ‘आलेच’ म्हणून गेलेलं माणूस परत आलं नाही, वर माझ्या गवतावरून गेलं, सरळ मधून, मी एवढा ओरडत असताना. त्याची माफी अजून बाकी आहे. ती मला विश्वजितने मागायची नाही, स्वप्नालीने नाही, त्या बिल्डरनेसुद्धा नाही. द्वारकेने मागायची.